कणा दुखावला, काम थांबले नाही : बाबा आमटे



आपल्या तरसालीतील बऱ्याच घरांत मकरपुरा जी.आय.डी.सी.मध्ये काम करणारे कोणी ना कोणी असते. दिवसभर मशीनसमोर उभे राहायचे, जड माल उचलायचा आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायचे. मग एक दिवस डॉक्टर सांगतात की मणक्यात गॅप आला आहे, आणि घरात प्रश्न उभा राहतो, आता काम कसे होणार? अशा वेळी आम्हाला बाबा आमटे आठवतात.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, सुखवस्तू जमीनदार घराण्यात झाला. ते वकील झाले आणि वरोरा येथे वकिली करू लागले. पुढे वकिली सोडून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेला वाहून घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या माळरानात आनंदवन उभे राहू लागले. जमीन खडकाळ होती. झुडपे तोडणे, दगड फोडणे, विहीर खणणे ही सारी कामे बाबांनी रुग्णांच्या बरोबरीने केली.

अशा कष्टाळू माणसाला मणक्याच्या विकाराने गाठले. आपल्या दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. बाहेरून चिवट आणि आत मऊ अशी ही चकती गादीचे काम करते. ती झिजली किंवा सरकली की शेजारची नस दाबली जाते आणि कळा कंबरेतून पायापर्यंत किंवा मानेतून हातापर्यंत जातात. बाबांचे मानेचे व कमरेचे मणके झिजत गेले. उपचार झाले, शस्त्रक्रियाही झाल्या. तरी दुखणे पुरते गेले नाही. शेवटी त्यांना बसणेच अशक्य झाले. उभे राहायचे, चालायचे, नाही तर आडवे पडायचे.

बाबांनी काम सोडले नाही, कामाची रीत बदलली. चालता येत होते तेव्हा ते चालत. एरवी खाटेवर पडून लोकांना भेटत. आनंदवनाचा भार डॉ. विकास यांनी आणि हेमलकशाचा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांनी उचलला. डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बाबा भारत जोडो यात्रेला निघाले. कन्याकुमारी ते काश्मीर हा प्रवास शंभराहून अधिक तरुणतरुणींनी सायकलवर केला. बाबा मात्र गाडीतल्या बिछान्यावर पडून त्यांच्याबरोबर गेले. १९८८ मधील दुसरी यात्रा इटानगरहून निघून आपल्या गुजरातेत ओखा येथे संपली. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. सरदार सरोवराबाबतचे त्यांचे मत इकडे अनेकांना पटले नाही, पण त्या वयात, तशा पाठीनिशी नदीकाठी वर्षानुवर्षे राहणे सोपे नव्हते, हे कोणीही मान्य करील. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, आनंदवनातच त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून दुखणे अंगावर काढावे असा अर्थ कोणी घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. बाबांनी आपल्या शरीराची मर्यादा ओळखली, ती लपवली नाही आणि जे झेपत नव्हते ते इतरांच्या हाती विश्वासाने सोपवले. पालकहो, कंबर दुखत असेल तर ते घरी आणि कामावर मोकळेपणाने सांगा. पायात मुंग्या येत असतील किंवा जोर कमी वाटत असेल तर डॉक्टरांना वेळेवर दाखवा. ओझे उचलताना गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ धरा. जड कामाऐवजी काही काळ हलके काम मागण्यात कमीपणा नाही.

आणि मुलांनो, २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. उद्याच्या वेळापत्रकात नसलेली पुस्तके आज रात्रीच दप्तरातून काढून ठेवा. आणि संध्याकाळी बाबा थकून घरी आले की त्यांच्या हातातली पिशवी तुम्ही घ्या.