पेन्शनीनंतरची पलटण : गोपाळबाबा वलंगकर

आपल्या वस्तीत, बुद्धविहारात, जयंतीच्या मंडपात चाळिशी-पंचेचाळिशीतले एखादे दादा किंवा ताई हमखास भेटतात. नोकरी आहे, घराचे हप्ते चालू आहेत, पोरं शिकतायत; पण मनात सल असतो. समाजासाठी काही करायचे राहून गेले, आता उशीर झाला, असे ते म्हणतात. अशा वेळी आम्हाला हवालदार गोपाळबाबा वलंगकर आठवतात. त्यांचे खरे काम पेन्शनीनंतर सुरू झाले.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळ गावचे. महार समाजात जन्म. त्या काळी गावकीची कामे आणि वेठबिगार यातून बाहेर पडायची एक वाट होती, ती म्हणजे इंग्रजांची पलटण. पलटणीत पगार मिळे, लिहिता-वाचता येई, गावाबाहेरचे जग दिसे. गोपाळबाबांनी आयुष्याची उमेदीची वर्षे तिथे घालवली आणि १८८६ साली हवालदार म्हणून ते निवृत्त झाले.

पुढे काय? दापोलीत तेव्हा अनेक पेन्शनर कुटुंबे राहत. पुढे सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर तिथेच आले. पेन्शन घ्यावी, चार गोष्टी सांगाव्यात, सुखाने दिवस काढावेत, अशी ती जागा. गोपाळबाबांनाही ते सहज जमले असते आणि त्यांना कोणी बोल लावला नसता. पण ते महात्मा फुल्यांच्या विचारांशी जोडले गेले होते. ज्या हातात बंदूक होती त्या हातात त्यांनी लेखणी घेतली. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून ते अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले.

१८८८ साली त्यांची ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका आली. तिच्यात त्यांनी उच्चवर्णीयांपुढे २६ प्रश्न ठेवले. विटाळ येतो कुठून, त्याला आधार कशाचा, याचा जाब त्यांनी लेखी मागितला. आज फोनवर दोन ओळी लिहून टाकणे सोपे आहे. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाने धर्माच्या मक्तेदारांना छापील प्रश्न विचारणे म्हणजे थेट त्यांच्या सत्तेला हात घालणे होते. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ १९२० साली निघाले, त्याच्या ३२ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

लेखणीबरोबर त्यांनी संघटनाही उभारली. दापोलीत ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन झाली. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा शिक्षण आणि मानाची एक मोठी वाट बंद झाली. १८९४ साली गोपाळबाबांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. आपल्या लोकांनी पलटणीत केलेल्या सेवेचा दाखला त्यात होता. जुनी नोकरी संपली होती, पण तिथला अनुभव नव्या कामात पुराव्यासारखा उपयोगी पडला.

१८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. एक महार आपल्या बरोबरीने बसतो, हे उच्चवर्णीय सदस्यांच्या पचनी पडले नाही. तरी जागा मिळाली होती, आणि ती महाडात मिळाली होती. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाहायला गोपाळबाबा नव्हते. १९०० साली त्यांचे निधन झाले होते.

गोपाळबाबांची सगळीच मते आज आपण घेत नाही. अस्पृश्य म्हणजे अनार्य, मूळचे रहिवासी, ही त्यांची मांडणी होती. बाबासाहेबांनी पुढे वंशाचा सिद्धांत नाकारला आणि अस्पृश्यतेच्या मुळाशी बौद्ध धम्माशी जोडलेला इतिहास मांडला. पण प्रश्न विचारायची सवय ज्यांनी लावली, त्या पहिल्या फळीत गोपाळबाबा आहेत.

आम्हाला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गोपाळबाबांनी पहिल्या नोकरीतून मिळालेले काहीच फेकून दिले नाही. पलटणीने दिलेली अक्षरे, शिस्त, ओळखी, पेन्शन हे सगळे त्यांनी समाजाच्या कामाला लावले. पेन्शन होती म्हणून घर चालले, आणि गावच्या कुणाच्या मेहेरबानीवर जगावे लागत नव्हते म्हणून लिहिताना हात थरथरला नाही. म्हणून उद्या सकाळी राजीनामा द्या, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. ज्यांच्या घरात एकच कमावता आहे, त्यांना तसे सांगणे अन्यायाचे होईल.

पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपल्यालाच उद्देशून होती, हे विसरून चालणार नाही. बँकेतल्या माणसाला हिशेब येतो, कोर्टातल्या कारकुनाला अर्ज लिहिता येतो, नर्सताईला आजार कळतो. वस्तीला हे सगळे हवे आहे. कुणी पूर्ण वेळ येईल, कुणी रविवारी येईल, कुणी निवृत्तीनंतर येईल.

उशीर झाला असे वाटत असेल, तर निवृत्त हवालदाराने दापोलीत हातात घेतलेली लेखणी आठवा. त्याच्यापुढे ‘मूकनायक’ नव्हता, महाड नव्हते, संविधान नव्हते. आपल्यापुढे हे सगळे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!