लाकडी पायाचा ताल

‘नाचे मयूरी’ हा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम करायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पण त्यांच्या कितीतरी आधी, जवळपास शंभर वर्षांपूर्वी, अमेरिकेत एक कृष्णवर्णीय मुलगा लाकडी पायावर नाचू लागला होता. त्याचं नाव क्लेटन बेट्स. जगाने त्याला ओळखलं ते ‘पेग लेग’ बेट्स म्हणून. पेग लेग म्हणजे लाकडाचा खुंटासारखा पाय.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत माझ्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि महिनाभर मी खाटेवर होते. भेटायला येणारा प्रत्येक जण मी लवकरच पहिल्यासारखी होईन असं सांगून जायचा. त्या दिवसांत मोबाइलवर बेट्स यांच्या नाचाचा एक जुना कृष्णधवल व्हिडिओ समोर आला. तो मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. म्हणून मंडळाच्या अंकासाठी एखादं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही.

बेट्स यांचा जन्म १९०७ साली दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या फाउंटन इन या छोट्या गावात झाला. वडील घर सोडून निघून गेलेले. आई एमा दुसऱ्याची शेती वाट्याने करायची, लोकांच्या घरची साफसफाईही करायची. पोराला मात्र नाचाचं वेड. अगदी लहान असताना तो अनवाणी रस्त्यावर नाचायचा आणि बघणारे त्याच्यापुढे नाणी टाकायचे. आईला हे बिलकूल आवडत नसे.

बारा वर्षांचा असताना क्लेटनने आईच्या मागे लागून सरकीच्या गिरणीत काम धरलं. आज आपण ज्या वयात मुलाला सातवीच्या वर्गात बसवतो, त्या वयात तो मशीनवर उभा होता. नोकरीला जेमतेम काही दिवस झाले असतील. गिरणीतला दिवा गेला, अंधारात त्याचा पाय सरकी वाहून नेणाऱ्या उघड्या यंत्रात पडला आणि डावा पाय पार चिरडला गेला. तिथली इस्पितळं गोऱ्यांची. काळ्या मुलाला तिथे जागा नव्हती. शेवटी डॉक्टरांनी घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर निजवून त्याचा पाय कापला. हे वाचताना मी थांबले. मला माझा स्कॅन, गोळ्या आणि फिजिओथेरपीचं टाइमटेबल आठवलं. दुखापत एकाच शरीराला होते हे खरं, पण ती किती खोल जाणार हे पुष्कळदा आजूबाजूचं जगच ठरवतं.

क्लेटन काही फार दिवस पडून राहिला नाही. केरसुणीच्या दोन दांड्यांच्या कुबड्या करून तो चालू लागला. पुढे महायुद्धावरून त्याचा मामा परत आला. भाच्याची अवस्था बघून तो हादरला, पण नुसता हळहळत बसला नाही. लाकूड तासून त्याने भाच्यासाठी एक साधा पाय बनवला. त्या ओबडधोबड पायावर क्लेटन आधी चालला, आणि मग नाचला.

तो करायचा तो टॅप डान्स. टॅपच्या बुटांना खाली धातूच्या पट्ट्या असतात आणि नाचणाऱ्याच्या पावलांतूनच ताल वाजतो. आपल्या कथकमधला ततकार आठवा म्हणजे कल्पना येईल. हा नाच जेवढा बघायचा, तेवढाच कानांनी ऐकायचा. आता अशा नाचात एक पाय लाकडाचा, म्हणजे सगळं संपलंच असं कुणालाही वाटेल. बेट्स यांनी मात्र दुसऱ्या नर्तकांच्या स्टेप्स बघायच्या आणि त्या आपल्या लाकडी पायावर बसवायच्या, असा सराव चालू केला. लाकडाच्या टोकाला त्यांनी अर्धं रबर आणि अर्धं चामडं लावलं. रबराने पाय घसरत नसे आणि चामड्याने आवाज निघे. उजव्या बुटाचा आवाज खणखणीत, डाव्या खुंटाचा खोल आणि भरीव. जणू तबला आणि डग्गाच! दोन पायांच्या नर्तकाकडे हा दुसरा आवाज नव्हताच.

मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. गेलेला पाय परत येणार नव्हता. बेट्स यांनी तो परत आल्यासारखं दाखवलंही नाही. लाकूड त्यांनी कधी झाकलं नाही. उलट पुढे पैसा आला तेव्हा वेगवेगळ्या रंगांचे लाकडी पाय करून घेतले. ज्या रंगाचा सूट, त्याच रंगाचा पाय. लोक आधी कुतूहलाने, कदाचित दयेनेही बघायला येत असतील. पण बेट्स यांना दयेच्या टाळ्या नको होत्या. चांगल्या दोन पायांच्या नर्तकांच्या रांगेत उभं राहायचं आणि त्यांच्या बरोबरीने मोजलं जायचं, हा त्यांचा हट्ट होता.

पंधराव्या वर्षाच्या आसपास ते गावोगावच्या हौशी स्पर्धांतून आणि फिरत्या खेळांतून नाचत होते. पुढे निर्माते लू लेस्ली यांनी त्यांना ‘ब्लॅकबर्ड्स’ या गाजलेल्या कार्यक्रमात घेतलं आणि विशीच्या सुरुवातीलाच ते पॅरिसमध्ये नाचून आले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या नामांकित क्लबांत त्यांचं नाव झालं. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला. पुढे अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला तेव्हा ‘एड सुलिव्हन शो’ या लोकप्रिय कार्यक्रमात ते २० हून अधिक वेळा दिसले. नाचाच्या शेवटी ते उंच उडी घ्यायचे, हवेतून थेट लाकडी पायावर उतरायचे आणि दुसरा पाय मागे ताणून त्या एका खुंटावर तोल सांभाळायचे. व्हिडिओत ती उडी बघताना माझा हात आपोआप माझ्या गुडघ्यावर गेला होता.

पण रंगमंचावरून उतरलं की ते पुन्हा काळे. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात हवा खायला येणाऱ्यांची मोठमोठी हॉटेलं होती. तिथे बेट्स यांचा नाच हवा असे, पण पाहुणा म्हणून काळ्या माणसाला खोली मिळत नसे. म्हणून १९५१ मध्ये बेट्स आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी त्याच भागातल्या केरहॉंकसन गावी स्वतःचं रिसॉर्ट काढलं. ‘पेग लेग बेट्स कंट्री क्लब’. शहरातली कृष्णवर्णीय कुटुंबं मुलाबाळांसह तिथे सुट्टीला येऊ लागली. जेवण, पोहणं, रात्री गाणं-नाच, आणि स्वतः मालकही स्टेजवर! ज्यांना सगळीकडे मागच्या दाराने जावं लागे, त्यांच्यासाठी इथे पुढचं दार उघडं होतं. १९८७ पर्यंत हे रिसॉर्ट चाललं.

म्हातारपणीही बेट्स स्वस्थ बसले नाहीत. शाळांत जाऊन मुलांशी बोलायचे, अपंग व्यक्तींना भेटायचे, जमेल तेवढं नाचूनही दाखवायचे. डिसेंबर १९९८ मध्ये ज्या गावात पाय गेला त्या फाउंटन इनमध्येच त्यांचा सत्कार झाला आणि राज्याचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना देण्यात आला. दुसऱ्या दिवशी, ६ डिसेंबरला, रविवारी चर्चला निघालेले असताना त्यांचं निधन झालं. वय ९१. ज्या गावात इस्पितळाचं दार उघडलं नव्हतं, त्या गावात आज त्यांचा पुतळा उभा आहे.

माझा गुडघा आता बराच बरा आहे. पण उकिडवं बसताना तो आत कुठेतरी कुरकुरतो आणि काही उड्या मी अजून घेत नाही. माझी दुखापत बेट्स यांच्यापुढे काहीच नाही, हे मला माहीत आहे. तरी त्यांच्याकडून एक गोष्ट मी घेतली. बरं होणं म्हणजे पहिल्यासारखं होणं, असं मी धरून बसले होते आणि रोज आरशात पहिलीच मुलगी शोधत होते. आता तालमीला जाते तेव्हा आहे त्या गुडघ्याला काय जमतंय ते आधी बघते. यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या ग्रुपमध्ये मी आहे. मागच्या रांगेत, उड्या नसलेल्या स्टेप्स घेऊन, पण तालात.