धूमकेतूवाल्या हॅलेचा आयुष्याचा हिशेब

हॅले म्हटले की आपल्याला धूमकेतू आठवतो. १९८६ साली तो येऊन गेला तेव्हा गावोगावची मंडळी दुर्बिणी घेऊन पहाटे गच्चीवर चढली होती आणि फारसे काही दिसले नाही म्हणून हिरमुसली होऊन खाली उतरली होती. आता तो यायचा २०६१ साली. तेव्हा आपल्यापैकी कोण कोण असेल, असे घरातली नातवंडे हमखास विचारतात. गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर काढायची रीतसुद्धा त्याच हॅलेने घालून दिली आहे. धूमकेतूमुळे त्याचे नाव आकाशात गेले. पण पेन्शन, विमा, आयुर्मान या आपल्या रोजच्या शब्दांमागे उभा असलेला हॅले बहुतेकांना ठाऊक नसतो. मी बँकेत उभी हयात काढलेला माणूस. मला हा दुसरा हॅलेच अधिक जवळचा वाटतो.

एडमंड हॅलेचा जन्म १६५६ चा, लंडनजवळच्या हॅगर्स्टन गावचा. वडील साबणाचे धनाढ्य कारखानदार. मुलगा ऑक्सफर्डला शिकायला गेला खरा, पण पदवी हाती यायच्या आतच, विसाव्या वर्षी, शिक्षण सोडून दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाकडे निघाला. (याच बेटावर पुढे नेपोलियनला कैदेत ठेवले होते.) युरोपातून न दिसणारे दक्षिणेकडचे तारे मोजायचे, हा त्याचा ध्यास. ३४१ ताऱ्यांची यादी घेऊन तो परतला, तेव्हा राजाने शब्द टाकून त्याला पदवी देवविली आणि बाविसाव्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला आपल्यात घेतले.

१६८४ हे वर्ष त्याला विलक्षण गेले. मार्चमध्ये वडील घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. पाच आठवड्यांनी नदीकाठी त्यांचे प्रेत सापडले. मृत्यूचे गूढ उकलले नाही, इस्टेटीवरून सावत्र आईशी कोर्टकज्जे मात्र सुरू झाले. कादंबरी लिहिणाऱ्याला एवढ्यावर चारशे पाने भरता येतील. पण त्याच ऑगस्टमध्ये हा गृहस्थ केंब्रिजला जाऊन न्यूटनला ग्रहांच्या कक्षांविषयी विचारत होता! त्या भेटीतून ‘प्रिन्सिपिया’ जन्माला आला. रॉयल सोसायटीची तिजोरी माशांवरच्या एका थोरल्या सचित्र ग्रंथापायी रिकामी झाली होती, म्हणून १६८७ मध्ये न्यूटनचा ग्रंथ हॅलेने पदरच्या पैशाने छापला. सोसायटीत तो तेव्हा कारकुनाच्या जागेवर होता, आणि पगारापोटी त्याला त्याच न खपलेल्या माशांच्या पुस्तकाच्या पन्नास प्रती देण्यात आल्या. पगार वेळेवर न मिळणाऱ्या वाचकांनी यातून काय ते समाधान मानावे.

असा हा माणूस माणसांच्या जन्ममरणाकडे वळला तो ब्रेस्लाऊ शहरामुळे. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. तिथे कास्पर नॉयमान नावाचे एक पाद्री होते. वयाचे दर सातवे वर्ष घातक, त्यातही ४९ वे आणि ६३ वे विशेष वाईट, अशी त्या काळी युरोपात पक्की समजूत होती. आपल्याकडच्या साडेसातीसारखीच म्हणा ना. नॉयमान यांनी ही समजूत पारखून पाहण्यासाठी गावातल्या मृत्यूंच्या नोंदी वयासकट गोळा केल्या. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांची ती टिपणे रॉयल सोसायटीपर्यंत आली आणि हॅलेच्या हाती पडली.

लंडनच्या नोंदी का चालल्या नसत्या? तिथे मेलेल्याचे वयच लिहीत नसत. शिवाय बाहेरगावाहून पोटासाठी आलेली माणसे लंडनमध्ये मरत. त्यांचा जन्म कुठे, मरण कुठे, हिशेब जुळणार कसा? जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली लंडनच्या मृत्युपत्रकांवरून मोठ्या हुशारीने काही आडाखे बांधले होते, पण वयाची जागा त्यालाही अंदाजानेच भरावी लागली. ब्रेस्लाऊ मात्र आटोपशीर गाव होते. वर्षाला सरासरी १,२३८ जन्म, १,१७४ मृत्यू, आणि परक्यांची ये-जा बेताची.

१६९३ साली हॅलेने आपला तक्ता छापला. एक वर्षाची १,००० मुले धरा. त्यांतली दहाव्या वर्षापर्यंत ६६१ उरतात, विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या वर्षी ४४५, साठाव्या वर्षी २४२, ऐंशीव्या वर्षी ४१. आणि जन्मापासून मोजले तर १,२३८ बाळांपैकी ३४८ पहिल्याच वर्षात जात. सतरा वर्षांत निम्मी संपत. हे आकडे वाचताना त्या काळच्या आयांची मला फार आठवण येते. तीस वर्षांच्या माणसाला आणखी किती वर्षे धरावीत? तिशीचे ५३१ जण निम्मे होतात ते ५७ ते ५८ च्या दरम्यान. म्हणजे २७-२८ वर्षे. इतके सोपे.

मात्र हा हिशेब त्याने हौसेखातर केलेला नव्हता. त्याच सुमारास इंग्लंडच्या सरकारने लढाईच्या खर्चासाठी वर्षासने विकायला काढली होती. शंभर पौंड द्या, मरेपर्यंत वर्षाला चौदा पौंड घ्या. वय काही असो. म्हणजे वर्षासनाची किंमत वार्षिक रकमेच्या सुमारे सातपट. हॅलेने सहा टक्के व्याज धरून दाखवले की, दहा वर्षांच्या मुलाच्या नावावरचे वर्षासन १३.४४ पटीचे आहे, चाळिशीतल्या माणसाचे १०.५७, साठीतल्याचे ७.६०, सत्तरीतल्याचे ५.३२. थोडक्यात, सरकार नातवाला आणि आजोबांना एकाच भावाने माल विकत होते आणि नातवाच्या बाबतीत निम्म्या किमतीत लुटले जात होते. आमच्या बँकेत कुणी असे कर्जवाटप केले असते तर दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो आला असता. सरकारने हॅलेचे ऐकले का? मुळीच नाही. पुढेही बराच काळ वय न पाहताच वर्षासने विकली गेली.

हॅलेच्या तक्त्यात माणूस दोनच अवस्थांत सापडतो, जिवंत किंवा मृत. मधले काही नाही. वर्षासनाला तेवढे पुरतेही. पेन्शनच्या टेबलावर काम केलेल्यांना हे चटकन कळेल. दर नोव्हेंबरात निवृत्तांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकावरून अंगठ्याच्या ठशानेही देता येतो, पण आमच्या वेळी रांग लागे. कागदावर प्रश्न एकच, माणूस आहे की नाही. पण मागच्या वर्षी ठसठशीत सही करणाऱ्या गृहस्थांची सही यंदा जुळेनाशी झालेली असे. कुणाच्या हाताला धरून सून आलेली असे. कुणाला येताच येत नसे, मग आमच्यातला एक जण घरी जाऊन खाटेशेजारी अंगठा घेऊन येई. खात्यावर पेन्शन पूर्वीइतकीच जमा होत राही. त्या घरात काय बदलले, हे दाखल्यावर उमटत नसे.

हे उमटवायचे कसे, याचा विचार विसाव्या शतकात सुरू झाला. अमेरिकेत सुलिव्हन नावाच्या अभ्यासकाने १९७१ मध्ये सोपी रीत मांडली. हॅलेसारखाच तक्ता घ्या, प्रत्येक वयाच्या जिवंतांचे दोन भाग करा, स्वतःचे स्वतः करणारे आणि न करणारे, आणि पहिल्यांचीच वर्षे मोजा. याला निरामय आयुर्मान म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजात भारतीयांचे आयुर्मान सुमारे ७१ वर्षे आणि निरामय आयुर्मान सुमारे ६० होते. मधल्या दहा-अकरा वर्षांचा अर्थ ज्या घरात म्हातारे माणूस आहे तिथे समजावून सांगायला नको.

पण सुलिव्हनची रीत म्हणजे ३१ मार्चचा ताळेबंद. शिल्लक किती ते कळते. पैसे आले कधी, गेले कधी, ते कळत नाही. त्यासाठी पासबुकच हवे. म्हणून त्याच त्या माणसांकडे दोन-दोन, चार-चार वर्षांनी पुन्हा जाऊन विचारण्याच्या पाहण्या सुरू झाल्या. अंघोळ स्वतः करता का? कपडे? जेवण? मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये अशाच दीर्घकालीन पाहणीची पहिली फेरी केली, पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि त्यांच्या जोडीदारांसह ७२ हजारांहून अधिक लोकांची. हाताची पकड किती घट्ट आहे, तेही तिथे यंत्रावर मोजले गेले.

अडचण अशी की, दोन भेटींच्या मधले काही दिसत नाही. माणूस दोन्ही वेळा धडधाकट आढळला, पण मधे सहा महिने अंथरुणाला खिळून मग उठलाही असेल. पॅरिसच्या लोकसंख्या-अभ्यास संस्थेत निकोला ब्रुआर आणि सहकाऱ्यांनी यासाठी संगणकाची एक आज्ञावली तयार केली. ती मधल्या काळाचे महिन्या-महिन्यांचे तुकडे पाडते आणि हजारो लोकांच्या उत्तरांशी सर्वांत चांगले जुळतील असे दर शोधते. कोणत्या वयात निरोगी माणूस परावलंबी होण्याची शक्यता किती, परावलंबी पुन्हा उभा राहण्याची किती, आणि दोघांच्याही मरणाची किती. यातली मधली शक्यता मला सर्वांत मोलाची वाटते. म्हातारपणी खाट धरली म्हणजे संपले, असे आपण घरात सहज बोलून जातो; आकडे तसे म्हणत नाहीत. पुष्कळ माणसे उठतात.

आता खुद्द हॅलेलाच या पासबुकात घालून पाहावे. १७२० मध्ये तो राजज्योतिषी झाला तेव्हा त्याला ६४ वे वर्ष चालू होते. त्या वयात त्याने चंद्राचे निरीक्षण आरंभले, ज्याला एक फेरा पुरा व्हायला अठरा वर्षे लागतात. त्याच्याच तक्त्यात ६४ वर्षांच्या २०२ जणांपैकी ८२ पर्यंत २८ पोहोचतात, म्हणजे सातांत एक. त्याने फेरा पुरा केला. पण १७३६ मध्ये चोपन्न वर्षांच्या संसारानंतर पत्नी मेरी वारली आणि पुढच्या वर्षाच्या सुमारास त्याच्या उजव्या हाताला लकवा आला. तारे टिपणारा, तक्ता लिहिणारा हात तो. पाहणीवाले आले असते तर काय लिहिले असते? सदऱ्याची बटणे लावता येतात का, याचे उत्तर बहुधा नाही असे आले असते. पण हाच माणूस त्यानंतरही आठवड्यातून एकदा ग्रिनिचहून लंडनला मित्रमंडळींत जाऊन बसे, अगदी मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत. कोणता रकाना भरायचा?

१७४२ च्या जानेवारीत, वयाच्या ८५ व्या वर्षी, हॅले ग्रिनिचला वारला. खुर्चीत बसून एक पेला वाइन घेतली आणि तिथेच प्राण गेला, असे सांगतात. त्याचा तक्ता ८४ पर्यंतच वयावार जातो. तिथे हजारांतले २० शिल्लक आहेत. त्याला जवळच्याच ली गावच्या चर्चच्या आवारात, मेरीच्या शेजारी पुरले.