भवभूती

भवभूती (इ.स.चे ८ वे शतक) हा विदर्भात जन्मलेला संस्कृत नाटककार होता. महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित ही त्याची तीन नाटके उपलब्ध आहेत. करुणरसाचा कवी म्हणून त्याची कीर्ती मुख्यतः उत्तररामचरितावर उभी आहे. तथापि आकाशमार्गे संचार करणाऱ्या सिद्ध स्त्रिया रंगभूमीवर आणणारा नाटककार म्हणूनही त्याचे स्थान वेगळे आहे.

== जीवन ==
भवभूतीच्या चरित्राची माहिती प्रामुख्याने त्याच्याच नाटकांच्या प्रस्तावनांतून मिळते. त्याचे घराणे काश्यप गोत्राचे, कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे आणि उदुंबर या नावाने ओळखले जाणारे होते. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ आणि आई जातुकर्णी. त्याचे स्वतःचे नाव श्रीकंठ होते, असे बहुतेक टीकाकार मानतात. ज्ञाननिधी हे त्याचे गुरू.

जन्मग्राम पद्मपूर विदर्भातले, एवढे निश्चित असले तरी हे पद्मपूर कोणते याबद्दल वाद झाले. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या एका ताम्रपटातील पद्मपूरच्या उल्लेखाचा आधार घेऊन ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर असल्याचे प्रतिपादन केले. हे मत आज सामान्यतः मान्य आहे. आमगावातील महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव आहे.

कल्हणाच्या राजतरंगिणीनुसार भवभूती कनौजचा राजा यशोवर्मा याच्या आश्रयास होता. काश्मीरच्या ललितादित्याने याच यशोवर्म्याचा पराभव केला. त्याच दरबारातील वाक्पतिराज आपल्या गउडवहो या प्राकृत काव्यात भवभूतीचे ऋण मान्य करतो. नाटके मात्र राजसभेत नव्हे, तर कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. हा देव उज्जैनचा महाकाल की काल्पी येथील सूर्यदेव, याविषयी मतभेद आहेत. समकालीनांनी आपली उपेक्षा केली, ही खंत मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत उघडपणे दिसते. कदर करणारा पुढे कधीतरी, कुठेतरी जन्मेल, अशी त्याची आशा होती. दोन शतकांच्या आत राजशेखराने स्वतःला भवभूतीचा अवतार म्हणवून घेतले.

== मालतीमाधव ==
दहा अंकांच्या या प्रकरणाचा नायक माधव हा विदर्भराजाच्या अमात्याचा मुलगा. तो कुंडिनपुराहून पद्मावती नगरीत तर्कविद्या शिकायला येतो. कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडिण्यपूर. हीच नदी पुढे यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत जाते. पद्मावती ही ग्वाल्हेरजवळचे पवाया होय.

मालतीचा विवाह राजाच्या मर्जीतील नंदनाशी ठरतो आणि कामंदकी ही वृद्ध बौद्ध परिव्राजिका तो मोडण्यासाठी डाव रचते. तिचे सामर्थ्य केवळ बुद्धीचे आहे. पाचव्या अंकात मात्र कपालकुंडला आकाशातून उतरते. श्रीपर्वतावरून आलेली ही कापालिक योगिनी आपला गुरू अघोरघंट याच्यासह स्मशानातील कराला देवीपुढे मालतीचा बळी देण्यास सिद्ध होते. निराश होऊन पिशाचांना नरमांस विकत हिंडणारा माधव तिथे पोहोचतो व अघोरघंटाला ठार करतो. सूडाने पेटलेली कपालकुंडला पुढे मालतीला आकाशमार्गे पळवून नेते.

तिला तोंड द्यायला भवभूतीने कोणी वीर उभा केलेला नाही. मालतीला सोडवते ती सौदामिनी, कामंदकीची जुनी शिष्या. तिनेही सिद्धी मिळवली ती श्रीपर्वतावरच; गुरुसेवा, तप, मंत्र, तंत्र आणि योग यांच्या बळावर. साधना एकाच पर्वतावरची, पण एकीची विद्या जीव घेऊ पाहते आणि दुसरीची वाचवते. ही जोडी हा नाटकातील सर्वांत धीट भाग म्हणावा लागेल. मालती स्वतः मात्र बरीच निष्क्रिय राहते.

== अन्य नाटके ==
महावीरचरितात कैकेयीचा दोष भवभूतीने शूर्पणखेकडे वळवला: ती मंथरेच्या रूपात येऊन वनवासाचा प्रसंग घडवते. या नाटकाचा शेवटचा भाग इतरांनी पूर्ण केला. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात गंगेच्या वराने अदृश्य झालेली सीता रामाचा शोक जवळून पाहते. त्याला ती केवळ स्पर्शाने जाणवते.

== प्रभाव ==
रा. गो. भांडारकर यांनी मालतीमाधवाची संपादित आवृत्ती १८७६ मध्ये मुंबईत काढली. त्याआधीच कृष्णशास्त्री राजवाडे यांनी हे नाटक मराठीत आणले होते. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी १८६६ च्या आपल्या बंगाली कादंबरीला व तिच्या नायिकेला कपालकुंडला हे नाव दिले. ती कापालिकाने वाढवलेली असली तरी त्याच्या हातून नायकाची सुटका करते.