विदुषी नेटी स्टीव्हन्स

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले. त्याला कारणही तसेच आहे. मला तीन मुली. पहिलीच्या वेळी घरी बर्फी वाटली गेली. तिसरीच्या वेळी काहीच नाही. नातलगांनी बोल लावला तो मला आणि मीही तो मुकाट्याने पदरात घेतला. पुढे थोरली कॉलेजात जीवशास्त्र शिकू लागली, तेव्हा तिच्या तोंडून मला नेटी स्टीव्हन्स यांची ओळख झाली.

नेटीबाईंचा जन्म 7 जुलै 1861 रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. आई लहानपणीच वारली. शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या; काही काळ ग्रंथपालाचेही काम केले. परंतु ज्ञानाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाच्या 35व्या वर्षी, 1896 साली, त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले. तेथे बी.ए. व एम.ए. होऊन 1903 साली ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्यांनी पीएच.डी. मिळवली.

आईचा आहार, हवामान अशा बाह्य गोष्टींवरून मुलगा की मुलगी हे ठरते, असे त्या काळी पुष्कळ विद्वानही मानीत. नेटीबाईंनी या प्रश्नासाठी पिठात वाढणारी एक साधी अळी निवडली. तिच्यापासून होणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशीत 19 मोठी आणि 1 अगदी लहान. मादीची सर्व बीजे सारखीच, नराची मात्र दोन प्रकारची. लहान गुणसूत्र असलेले बीज फळले की नर जन्मतो, असा निष्कर्ष त्यांनी 1905 साली प्रसिद्ध केला. त्याच लहान गुणसूत्राला आज वाय म्हणतात. माणसातही पुरुषत्व वाय गुणसूत्रानेच ठरते, हे 1959 साली सिद्ध झाले. आईजवळ वाय नसतेच. ते पित्याकडूनच येते. अर्थात त्याच्याही हाती निवड नसते.

त्याच सुमारास एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असेच संशोधन केले होते. पुढे पुस्तकांतून त्यांचे नाव अधिक गाजले, नेटीबाई मागे राहिल्या. ब्रिन मॉरने अखेर त्यांच्यासाठी संशोधनाची खास जागा निर्माण केली. पण ती स्वीकारण्यापूर्वीच, 4 मे 1912 रोजी, स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 50 वर्षांचे. पीएच.डी. नंतर जेमतेम नऊ वर्षे त्यांच्या हाती होती.

मुलगी होणे हा मुळात दोषच नाही, मग तो कोणाच्या माथी मारायचा? तरीही आपल्या घरांतून सुनेला अजून हे बोल ऐकावे लागतात. असा शब्द कानी पडला की गप्प न राहता नेटीबाईंचे हे काम सांगावे, एवढीच माझी विनंती.

गेल्या वर्षी थोरलीला मुलगी झाली. आम्ही साऱ्या आळीत पेढे वाटले.