उष्मांक आणि आयुर्मान : क्लाइव्ह मॅके यांचे संशोधन

आहार आणि वार्धक्य यांच्या संबंधाचा प्रयोगशाळेत पद्धतशीर शोध घेणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांमध्ये अमेरिकेचे क्लाइव्ह मॅके यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचा जन्म १८९८ मध्ये इंडियाना राज्यातील विनामॅक येथे झाला. बालपणीच ते मातापित्यांच्या छत्राला पारखे झाले. इलिनॉय आणि आयोवा येथील शिक्षणानंतर १९२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते येल विद्यापीठात लाफायेट मेंडेल यांच्याकडे संशोधनासाठी गेले. वाढ रोखलेल्या उंदरांच्या माद्या अधिक काळ जगतात, असे मेंडेल आणि थॉमस ऑस्बोर्न यांना १९१७ मध्येच आढळले होते. मात्र त्या निरीक्षणाचा पुढे फारसा पाठपुरावा झाला नव्हता.

१९२७ मध्ये मॅके कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुसंवर्धन विभागात रुजू झाले. जनावरे लवकरात लवकर कशी वाढवावीत, हा तेथील नित्याचा विषय. कमी प्रथिनांवर ठेवलेले ट्राउट मासे वाढत नाहीत, परंतु वाढणाऱ्या माशांपेक्षा अधिक जगतात, असे मॅके यांना दिसले. वेगाने होणारी वाढ आयुष्याच्या मुळावर तर येत नाही ना, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. वजनातील वाढ हीच उत्तम पोषणाची खूण मानली जाण्याच्या त्या काळात हा प्रश्न रूढ समजुतीला छेद देणारा होता.

मेरी क्रोवेल आणि लेनर्ड मेनार्ड यांच्यासह मॅके यांनी १०६ पांढऱ्या उंदरांवर प्रयोग केला. एका गटाला हवे तेवढे अन्न मिळाले. इतरांना प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे पुरेशी देऊन केवळ उष्मांक कमी करण्यात आले. ही उपासमार नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे; या संशोधनाविषयीचे बहुतेक गैरसमज नेमके याच मुद्द्यावर होतात. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भरपेट खाणारे नर सरासरी ४८३ दिवस, तर उष्मांक कमी केलेले नर ८०० हून अधिक दिवस जगले. माद्यांच्या सरासरी आयुर्मानात मात्र फारसा फरक पडला नाही. वाढ दीर्घकाळ रोखलेले उंदीर वाढीव अन्न मिळताच पुन्हा वाढू लागले, हेही तितकेच आश्चर्यकारक होते.

पुढे त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धाकडे लक्ष वळवले. मध्यम वयानंतर सडपातळ ठेवलेले उंदीर लठ्ठ उंदरांपेक्षा अधिक काळ जगतात, असे त्यांच्या १९४१ मधील प्रयोगात दिसून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी आहारविषयक काम केले. न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयांसाठी सोयाबीन पीठ, दूध भुकटी आणि गव्हाचा अंकुर घालून त्यांनी तयार केलेला पाव कॉर्नेल पाव म्हणून प्रसिद्ध झाला. १९५० च्या दशकात तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडण्याचे धाडसी प्रयोगही त्यांनी केले. त्यात अनेक उंदीर दगावले. सुमारे अर्ध्या शतकाने, २००५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हेच तंत्र स्नायूंच्या पुनरुज्जीवनाच्या अभ्यासासाठी वापरले.

मॅके १९६० च्या दशकाच्या आरंभी निवृत्त झाले आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. पोषणशास्त्राच्या इतिहासावरील त्यांची टिपणे १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांचे निष्कर्ष यीस्ट, कृमी आणि माश्या यांच्याबाबतही बहुतांशी खरे ठरले. माकडांवरील दोन अमेरिकी प्रयोगांचे निकाल मात्र परस्परविरोधी होते. विस्कॉन्सिन येथे २००९ मध्ये लाभ दिसला, तर राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या २०१२ च्या अहवालात आयुर्मान वाढलेले आढळले नाही. दोन्ही ठिकाणच्या आहारातील फरक हे त्याचे एक कारण मानले जाते. लठ्ठ नसलेल्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांपैकी एका गटाला दोन वर्षे उष्मांकांत २५ टक्के कपात करण्यास सांगणाऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यांचे वजन आणि रक्तदाब कमी झाला. प्रत्यक्षातील कपात मात्र सुमारे १२ टक्केच भरली.