दोन्ही हात मोकळे

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. इंग्लंडच्या राजांची नावं मला ओळीने येतात, पण पेशव्यांच्या यादीत तिसऱ्या नावानंतर गोंधळ होतो. तेव्हा चुका पोटात घालाव्यात ही विनंती!

माझं घर उल्हासनगरला. लोकलने अंबरनाथ गेलं की बदलापूर येतं. शिवकाळात इथे फौजेचे घोडे बदलत, थकलेला ठेवायचा आणि ताजा घ्यायचा, म्हणून बदलापूर, असं आजोबा सांगायचे. इतिहासाच्या परीक्षेत हे चालेल की नाही माहीत नाही, पण लहानपणी बदलापूर स्टेशन आलं की मी खिडकीतून घोडे शोधायचे. दिसायच्या त्या फक्त रिक्षा.

खरा घोडा भेटला माथेरानला, नववीच्या सहलीत. मी खोगिराची पुढची कड दोन्ही हातांनी गच्च धरली, गुडघे आवळले, डोळे मिटले. बिचारं तट्टू नुसतं दुडक्या चालीने चाललं होतं, तरी दहाव्या पावलाला मी लाल मातीत! चूक सगळी माझीच. त्यानंतर घोड्याजवळ जायची हिंमत झाली नाही.

पाच वर्षांनी मला परत घोड्याकडे नेलं ते एका चित्राच्या गोष्टीने. मागच्या जानेवारीत माझी रूममेट घरून हुरडा घेऊन आली. ती वैजापूरकडची. भाजलेलं कणीस तळहातावर कसं चोळायचं आणि फुंकर मारून फोल कसं उडवायचं, हे ती होस्टेलच्या गॅलरीत आम्हाला शिकवत होती, तेव्हा तिने ही गोष्ट सांगितली. हा बाजीराव कसा दिसतो ते बघायला एक चितारी पाठवला होता. कोणी म्हणतं निजामाने, कोणी म्हणतं दिल्लीच्या बादशहाने. पहिल्यांदा दिसेल तसाच काढ, असा हुकूम होता. चिताऱ्याने जे चित्र आणलं त्यात सिंहासन नाही, छत्र नाही. घोड्यावर बसलेला एक माणूस, खांद्यावर भाला, घोड्याची अगाडी-पिछाडीची दोरी आणि तोबरा साध्या शिपायासारखा बरोबर घेतलेला, आणि चालत्या घोड्यावर दोन्ही हातांनी कणीस चोळून तो दाणे खातोय.

बाकीच्या मुली म्हणाल्या, किती साधा माणूस! माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न आला. दोन्ही हात कणसावर, तर लगाम कुठे होता?

आमच्या पिढीला बाजीराव माहीत आहे तो २०१५च्या सिनेमातला. मलाही तेवढाच होता. म्हणून लायब्ररीत जाऊन वाचायला सुरुवात केली (मशीन डिझाइनचं सबमिशन बाजूला ठेवून, सर माफ करा).

बाजीरावाचा जन्म १८ ऑगस्ट १७००चा, सिन्नरजवळच्या डुबेरे गावी आजोळी. घराणं मूळचं कोकणातलं, श्रीवर्धनचं भट घराणं. कोकणात घोड्यापेक्षा होडी जास्त उपयोगाची. वडील बाळाजी विश्वनाथ हिशेबाचे आणि राजकारणाचे पक्के, पण घोड्यावर कच्चे. सुरुवातीच्या काळात त्यांना घोड्यावर सावरायला दोन बाजूंना दोन माणसं लागायची असं सांगतात. हे वाचून मला फार बरं वाटलं! म्हणजे ही विद्या रक्तातून आलेली नव्हती. मुलगा ती वडिलांबरोबर मोहिमांवर फिरता फिरता शिकला. १७१९ मध्ये वडील बादशहाकडून चौथाईच्या सनदा घ्यायला दिल्लीला गेले तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा बरोबर होता. पुणे ते दिल्ली आणि परत, तेही घोड्यावर. आपण अठराव्या वर्षी सीईटीचे क्लास करत होतो.

परत आल्यावर वर्षभरात वडील गेले. १७ एप्रिल १७२० रोजी शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली. दरबारातल्या जुन्या लोकांना हे पटलं नव्हतं, कारण वय वर्षं एकोणीस! मी आज वीस वर्षांची आहे आणि मेसच्या कमिटीतसुद्धा माझं कोणी ऐकत नाही.

पण मला हवं होतं ते लगामाचं उत्तर, आणि ते पुस्तकात मिळेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा बदलापूरच्या बाजूला लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवणारे एक काका आहेत असं कळलं. वरातीचा सीझन संपत आला होता, घोडी रिकामी होती. मुलगी शिकायला आली म्हणून ते आधी हसले. मग त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातून लगाम काढून घेतला. दुसऱ्या दिवशी रिकिबी काढल्या. घोडीला लांब दोरी बांधून ते मधे उभे राहिले आणि ती त्यांच्याभोवती गोल फिरायला लागली. मी वर, दोन्ही हात कमरेवर. म्हटलं, आता मेले!

तिथे मला मांड या शब्दाचा अर्थ कळला. मांड ठोकून बसणे एवढंच मला माहीत होतं. मला वाटायचं मांड म्हणजे मांड्या आवळून घोडा धरणं. काकांनी समजावलं ते उलटंच. गुडघे आवळले की माणूस वर उचकटतो, जाड पाइपवर कपड्यांचा चिमटा लावला तर तो सरकून निघतो तसा. मांड्या सैल सोडायच्या, पाय आपल्या वजनाने खाली लोंबू द्यायचे, टाच खाली. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात. घोड्याची पाठ वरखाली होते ती कमरेतून झेलायची. थोडक्यात, कंबर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. आपला गुरुत्वमध्य घोड्याच्या गुरुत्वमध्यावर राहिला की धरायला काही लागतच नाही. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये मला बेचाळीस मार्क होते, पण हा चॅप्टर आता आयुष्यात विसरणार नाही.

लगामाला लोंबकळणारा माणूस प्रत्येक हिसक्याला घोड्याचं तोंड ओढतो. घोडा वैतागतो, मान वर करतो, अडतो. आणि वर आपटत बसणारा माणूस घोड्याची पाठ सोलवटून काढतो. काकांची घोडी म्हणजे त्यांची भाकरी. तिची पाठ बिघडली तर वरात नाही, वरात नाही तर पैसे नाहीत. म्हणून शिकवताना त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा तिच्या पाठीकडे असायचं. मराठी फौजेतला शिलेदार घोडा स्वतःचा आणायचा. घोडा गेला की त्याची नोकरीही डळमळली. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, पण लांबच्या दौडीत पाठ लागलेलं जनावर दोघांनाही सारखंच निरुपयोगी.

आता पालखेड बघा. १७२७च्या अखेरीला निजाम पुण्यावर चालून आला आणि त्याने पुणे घेतलं. बाजीराव पुणं वाचवायला धावलाच नाही! तो उलट निजामाच्या मुलखात घुसला. जालना, वऱ्हाडाची बाजू, खानदेश, तिथून थेट गुजरात, आणि परत औरंगाबादच्या रोखाने. तोफखाना नाही, तंबूंचा पसारा नाही, बाजारबुणगे नाहीत. आपली राजधानीच जाईल या भीतीने निजाम पुणं सोडून मागे लागला. जड तोफा वाटेत मागे राहिल्या. फेब्रुवारी १७२८च्या शेवटी वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला असा गाठला की त्याच्या फौजेला पाणी मिळेना, रसद मिळेना. मोठी लढाई न होताच ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि दक्षिणेच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरीने युद्धांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्यात या मोहिमेची तारीफ आहे.

पुस्तकांत याला वेगवान हालचाल म्हणतात. मला त्या शब्दामागे आता बसलेली माणसं दिसतात. मी वीस मिनिटं घोडीवर बसले तर दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या... सॉरी, घराच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. आवळून बसणारा माणूस तासाभरात गळतो, आणि हे लोक महिनोन्‌महिने बसत होते. जेवायला थांबायचं नाही, कारण हात मोकळे. स्वयंपाकाचा तांडा नको, कारण शेतात ज्वारी उभी. ही मोहीम बरोबर शाळू पिकण्याच्या दिवसांतली. चित्रातलं कणीस पालखेडच्याच वाटेवरचं असेल का, असं मी रूममेटला विचारलं. तिच्या मते तर ते तिच्याच शेतातलं होतं! (शेतकऱ्याला त्या कणसाचे पैसे कोणी दिले, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.)

पुढचं आयुष्य म्हणजे दौडच. १७२९ मध्ये बुंदेलखंडात जाऊन म्हाताऱ्या छत्रसालाला बंगशाच्या वेढ्यातून सोडवलं. तिथूनच मस्तानी त्याच्या आयुष्यात आली. १७३२ मध्ये शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली, पण तिथे तो राहिला किती? मार्च १७३७ मध्ये तर कमाल केली. सादतखानाने मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटलं आणि मराठे चंबळपार पळाले अशी बढाई दिल्लीला कळवली. बाजीरावाने बादशाही फौजांना बाजूला टाकून आडवाटेने घोडे काढले आणि दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. शहर जाळलं नाही. आपण आहोत एवढं दाखवलं आणि परत फिरला.

घरात मात्र असा तोल सांभाळता आला नाही. मस्तानीवरून घरच्यांशी बिनसलं, ती पुण्यात नजरकैदेत राहिली आणि हा नर्मदेकाठी. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला तापाने तो गेला. वय एकोणचाळीस. आमच्या वर्कशॉपच्या सरांपेक्षा लहान! समाधी तिथेच नदीकाठी आहे. एकदा जायचं आहे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काकांनी दोरी सोडली. मी घरून कणीस नेलं होतं, पण मे महिन्यात हुरडा कुठला, मक्याचंच. लगाम घोडीच्या मानेवर टाकला आणि दोन्ही हातांनी कणीस सोलायला घेतलं. पाऊण फेरी नीट झाली. खरंच झाली! मग घोडीला मक्याचा वास लागला. ती थांबली आणि मान वळवून माझ्या हाताकडे बघायला लागली. मी पुढे तिच्या मानेवर आदळले, पण पडले नाही. काका काही बोलले नाहीत. त्यांनी कणीस माझ्या हातातून घेतलं आणि तिला भरवलं.